भुताच्या गळ्यात मंगळसूत्र

"मावशी, बाई मेली आणि तिचं भूत झालं, तर त्या भुताच्या गळ्यात मंगळसूत्र असेल का गं?"

भाचीने हे विचारलं तेव्हा मी तिच्या युनिटसाठी पोहे भिजवत होते. सदाशिव पेठेतली आमची जुनी जागा रिडेव्हलपमेंटला जायची होती. सामान हललं होतं. मागे उरला होता कडाप्प्याचा ओटा, भिंतीतली फडताळं, एक डुगडुगतं टेबल आणि दाराआड गेल्या वर्षीचं कालनिर्णय. भाचीला नेमकं हेच हवं होतं. तिच्या शॉर्टफिल्ममधलं जोडपं अशाच घरात राहतं म्हणे. विषय विचारला तर म्हणाली, हॉरर-कॉमेडी आहे, पण खरं म्हणजे न जमलेल्या लग्नाबद्दल आहे. मी म्हटलं, मग हॉरर-कॉमेडी वेगळं कशाला सांगतेस?

प्रश्न कपड्यांच्या यादीतला, पण त्यावर अर्धा तास गेला. मेकअपवाली मुलगी म्हणाली, कशाला घालेल, सुटली ना बिचारी. साउंडवाल्या पोराला भुताशी देणंघेणं नव्हतं. मंगळसूत्र माइकला घासतं आणि खरखर येते, म्हणून नको. शेजारच्या आजी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "नवरा जिवंत आहे ना तिचा? मग अहेव गेली की. मळवट भरून, हिरवं नेसवून, ओटी भरून पाठवतात. असणारच मंगळसूत्र." आणि मग आवाज जरा खाली आणून, "सोनं तेवढं काढून घेतात. काळे मणी राहतात." सगळे हसले. आजीही हसल्या. माझ्या हातातली पोह्यांची चाळण मात्र तशीच गळत राहिली. नवऱ्याच्या आधी जाणं हे भाग्य, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या भाग्यवान बाईचा पुढचा मुक्काम कुठे आणि तिथे ती कोणाची कोण, हे काही कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट पंधराएक मिनिटांची. साठीच्या आसपासचं जोडपं. एका पहाटे बायको झोपेतच जाते आणि भूत होऊन उठते. आपण मेलोय हे तिला कळतं, कारण आरशात ती दिसत नाही. आता नवऱ्याला घाबरवायचं, इतक्या वर्षांचं उट्टं काढायचं, असं ती ठरवते. चष्मा लपवते, तो न बघता म्हणतो, "कुठे ठेवलास गं?" दिवा घालवते, तो म्हणतो, "बरं केलंस, बिल फार येतंय." कपबशी हवेत तरंगत त्याच्यापुढे येते, तो हात पुढे करून घेतो आणि पेपर वाचत राहतो. ती दिसत नाही ही गोष्टच त्याच्या लक्षात येत नाही. भूत हात टेकतं. भाचीने हे वाचून दाखवलं तेव्हा मी पोट धरून हसले, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर सगळं पुन्हा आठवलं तेव्हा हसू आलं नाही.

खरं तर आपल्याकडची बरीचशी भुतं लग्नाशीच कुठेतरी अडकलेली असतात. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा बाळंतिणीच्या दहा दिवसांत गेलेली. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंजीच्या आत, म्हणजे लग्नाची वेळ येण्याच्या आत, गेलेला पोर. तो पिंपळावर बसून राहतो. २०२४ साली त्याच्यावर मोठा सिनेमा निघाला, त्यातही तो लग्नालाच हटून बसलेला. तिसरं लग्न अपशकुनी म्हणून पुरुषाचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे येणारी बाई चौथी ठरते आणि जे काही वाईट व्हायचं ते झाडाचं होतं. याला अर्कविवाह असं भारदस्त नाव आहे. रुईला कुणी विचारलं नव्हतं, पण मग इतरांना तरी कुठे विचारलं होतं.

माझी पणजी दुसरेपणावर दिलेली. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर एक चांदीचा टाक असायचा, सवतीचा. पहिली बायको मागे राहून नव्या नवरीला त्रास देऊ नये म्हणून तिलाच गळ्यात बांधून घ्यायचं. मी तो टाक पाहिला आहे. बोटाच्या पेराएवढा, झिजून गुळगुळीत झालेला. त्यावरच्या बाईचे डोळे-नाक गेलेले आणि फक्त हात जोडल्याचा आकार उरलेला. नवं लुगडं आलं की पणजी ते आधी टाकाला दाखवायची, मग घडी मोडायची. आजी सांगायची की दुपारी सगळे निजले की पणजी त्या टाकाशी बोलायची. काय बोलायची? आजी हसून म्हणायची, "काय बोलणार! 'तू सुटलीस बाई,' हेच." या ओळीवर आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या हसणं झालंय. पणजी चौदा वर्षांची होती तेव्हा, हे हसताना कुणी काढत नाही.

हसण्याचं म्हणाल तर पुरुषांनी या खात्यात भरपूर काम करून ठेवलंय. सकाळी मोबाइल उघडावा तर बायकोवरचे विनोद वाट पाहत असतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक गृहस्थ रोज न चुकता टाकतात. त्यांची बायको त्याच ग्रुपवर आहे आणि खाली रोज हसरा चेहरा टाकते. या जोडप्यावरच कुणीतरी फिल्म काढायला हवी. आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज भागात पत्नीपीडित पुरुषांचा आश्रम आहे. वटपौर्णिमेच्या तोंडावर तिथले पुरुष पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात, हीच बायको पुन्हा नको म्हणून. पिंपळच का, तर त्यावर लग्न न झालेला मुंजा असतो. दरवर्षी पेपरात फोटो येतो, लोक हसतात, पान उलटतात. मीही हसते. पण त्या फोटोतले चेहरे बघा एकदा, त्यातले सगळेच काही थट्टेवारी नेणारे दिसत नाहीत. कोर्टाच्या तारखांना फेऱ्या मारून थकलेला माणूस झाडाला फेऱ्या मारतोय, यात विनोद किती आणि बाकी किती, हे मला दर वर्षी वेगळं वाटतं.

बायकांना विनोदाची सोय नव्हती, तर त्यांनी भुताची करून घेतली.

लहानपणी आजीबरोबर गाणगापूरला गेले होते. आरतीची वेळ, घंटा, नगारा, कापराचा धूर, घामाचा आणि ओल्या कपड्यांचा वास. आरती चढत गेली तशा काही बायका घुमायला लागल्या, दोघीतिघी सरसर खांबाला जाऊन भिडल्या. माझ्यासमोरची एक पस्तिशीची, काटकुळी, अंबाडा सुटलेला. ती खांबाला धरून नवऱ्याचं नाव घेत होती. नुसतं नाव. उखाणा नाही, अहो-जाहो नाही. नाव, आडनाव, आणि पुढे अशा शिव्या की आजीने माझे कान झाकले. नवरा दोन हातांवर उभा होता, टोपी काढलेली, हात जोडलेले. तो तिच्यावर ओरडत नव्हता, कारण ती बोलतच नव्हती ना, तिच्यातलं कुणीतरी बोलत होतं! "हो, हो, चुकलं, सोड तिला," असं तो त्या कुणालातरी म्हणत होता. आरती संपली तशी ती खाली बसली. जरा वेळाने डोळे उघडले, पदर सारखा केला, डोक्यावर घेतला आणि नवऱ्याला विचारलं, "डबा कुठं ठेवला?" त्याने पिशवीतून डबा काढला. दोघं खांबाला टेकून भाकरी खाऊ लागली. त्याने तिला लोणच्याची फोड दिली.

भूतबित काही नसतं, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आता तर खात्री आहे. भूत उतरवतो म्हणून बाईला चटके देणाऱ्यांना २०१३ च्या कायद्याने आत टाकता येतं, ते फार बरं झालं. पण त्या बाईच्या आवाजातली ताकद मी विसरलेले नाही. ती तिची स्वतःची होती आणि ती वापरायला तिला मध्ये एक मेलेलं माणूस लागत होतं.

तर शूटिंग. नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ ऐन सकाळी आले नाहीत. भूत तयार होतं. एका सहकारी बँकेतून रिटायर झालेल्या, राज्य नाट्य स्पर्धेत उभा जन्म काढलेल्या काकू होत्या त्या. तोंडाला पावडर फासून, हिरवी साडी नेसून मोबाइलवर लेकीला फ्रिजमधली भाजी कुठे आहे ते सांगत बसल्या होत्या. मंगळसूत्राचा प्रश्न त्यांनी कुणाला न विचारता सोडवला होता. रिक्षातून येताना सवयीने ते ब्लाउजच्या आत सरकवलं होतं, तसंच राहिलं. भाची म्हणाली, काकू, भुताला चेन चोराची भीती? काकू म्हणाल्या, "पुण्यातलंच भूत ना?" ते तसंच ठेवलं. नीट पाहिलं तर गळ्याशी काळ्या मण्यांची एक रेघ दिसते.

आणि नवरा म्हणून आमच्या ह्यांना बसवलं. हे चाव्या द्यायला आले होते. नाटकात काम सोडा, लग्नाच्या व्हिडिओतही हे पाठमोरे आहेत. भाचीने समजावलं, "काका, ती दिसत नाही असं नाही. तुमच्या लक्षात येत नाही, एवढंच." ह्यांनी विचारलं, "म्हणजे काय करायचं?" ती म्हणाली, "काही नाही." ह्यांनी पेपर उघडला, मांडी घातली आणि काही केलं नाही. कप नायलॉनच्या दोऱ्याला बांधलेला, दोन पोरं वरून ओढतायत, कप थरथरत पुढे येतोय. ह्यांनी नजर न हलवता हात पुढे केला आणि कप बरोब्बर हातात आला. एक थेंब सांडला नाही. "काका, काय नॅचरल!" म्हणून सगळ्या पोरांनी टाळ्या पिटल्या. हे लाजले. मी लाइटच्या मागे थर्मास घेऊन उभी होते. तो हात मला पाठ आहे. किती उंचीवर येतो, अंगठा कसा बाहेर असतो, कप धरल्यावर एकदा कसा तोलून बघतो. इतकी वर्षं मी त्या हाताच्या दुसऱ्या बाजूला होते म्हणून तो मला कधी असा दिसलाच नव्हता. पोरं हसत होती, आणि हसण्यासारखंच होतं ते.

रात्री घरी आल्यावर हे म्हणाले, "त्या काकू चहात साखर फार घालतात." म्हणजे लक्ष होतं. आता याचं काय करायचं माणसाने?

सगळ्यात वेळ खाल्ला दुधाने. दूध उतू जायला येतं, नवरा जागचा हलत नाही, शेवटी भूतच येऊन गॅस बंद करतं, असा प्रसंग. दूध काठापर्यंत येऊन थांबायला हवं, पण ते कुणाचं ऐकतंय! कधी आधीच साय धरून बसायचं, कधी कॅमेऱ्यावर फोकस लागेपर्यंत भसकन बाहेर. घरभर करपलेल्या दुधाचा वास, बर्नरवर तपकिरी पापुद्रे. एकदा असंच उतू गेलं आणि 'कट' म्हणायच्या आत काकूंनी ओट्याच्या कोपऱ्यातला फडका उचलला, शेगडी टिपली, कडाप्प्यावरचा ओघळ एका हाताने पुसून घेतला, फडका पिळला, नळाच्या मानेवर वाळत टाकला. भुताच्या वेशात. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या "अगं बाई" म्हणून हसायला लागल्या. भाचीने तो तुकडा फिल्ममध्ये ठेवलाय, "अगं बाई"च्या आधीपर्यंत. मला विचाराल तर अख्ख्या फिल्ममध्ये भीती वाटावी असं तेवढंच आहे.

शेवट काय करायचा यावर भांडणं झाली. भाचीला भुताने सूड घ्यायला हवा होता. सव्वीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, तिच्या मैत्रिणींपैकी दोघी फॅमिली कोर्टाच्या पायऱ्या चढून आल्यात. मेकअपवालीचं मत, उकळतं दूध त्याच्या डोक्यावर. काकू मात्र म्हणाल्या, "ती जायची नाही गं. सकाळी दुधाची पिशवी कोण आत घेणार?" भाची चिडली. मेल्यावरही पिशवी? मी काही बोलले नाही, पण मला रखमाबाई आठवत होत्या.

अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याकडे नांदायला न गेलेली मुंबईची मुलगी. दादाजी भिकाजी म्हणजे तो नवरा. १८८४ मध्ये तिचा ताबा मागायला कोर्टात गेला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, पुढे अपील झालं, आणि १८८७ मध्ये तिला सांगण्यात आलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तिने तुरुंग चालेल म्हणून कळवलं. 'केसरी' तिच्या विरोधात, अर्धी मुंबई तिच्या विरोधात. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. मग ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन आली, सुरतेत बायकांचा दवाखाना सांभाळला. इथपर्यंतची गोष्ट आम्ही शाळेच्या भाषणांतून सांगितलेली. पुढची मला फार उशिरा वाचायला मिळाली. १९०४ मध्ये दादाजी वारले, आणि रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली.

ज्याच्या घराची पायरी चढायची नाही म्हणून तुरुंगात जायची तयारी केली, तो मेल्यावर पांढरं लुगडं! मी हे वाचून चिडले होते. काही दिवस तर मला तो सरळ पराभव वाटला. मग वाटलं, सुरतेच्या पेशंट बायकांत वावरताना सोपं जात असेल. मग वाटलं, रंगीत नेसून रोज शंभर जणांना उत्तरं देण्यापेक्षा पांढरं बरं. खरं काय ते त्यांनाच माहीत. पण आजींचा "असणारच मंगळसूत्र" हा निकाल आणि रखमाबाईंचं लुगडं मला एकाच कपाटातले वाटायला लागलेत. तो ताब्याचा कायदाही कुठे गेलेला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून बसलेला आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला दोन वर्षांपूर्वी त्याच कलमाखाली नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली, नांदायला या म्हणून. तिने ती आम्हाला वाचून दाखवली, भाषा इतकी जडजंबाल की आम्ही सगळ्या हसत सुटलो, आणि हसता हसता तिने ती परत घडी घालून पर्समध्ये ठेवली, कारण उत्तराची मुदत जवळ आली होती.

फिल्मचा शेवट मग आपोआपच ठरला. भूत पिशवी भरतं, दारापर्यंत जातं. आत कुकरची शिट्टी होते. ती थांबते आणि मागे न बघता म्हणते, "दोन झाल्या. तिसरीला बंद करा." भाचीने लिहिलं होतं की इथे नवरा दचकतो, पेपर खाली ठेवतो, पहिल्यांदा तिच्या दिशेने बघतो. कॅमेरा चालू झाला, काकूंनी वाक्य म्हटलं, आणि ह्यांनी पेपरामागून "हो" म्हटलं. नुसतं "हो". स्क्रिप्टमध्ये नव्हतं. सेटवर कुणी श्वास घेईना. तिसरी शिट्टी झाली, हे उठले, गॅस बंद केला, परत येऊन बसले. तोवर काकू निघून गेल्या होत्या.

एका कॉलेजच्या हॉलमध्ये ती दाखवली. चष्म्याला पुरुष हसले, विजेच्या बिलाला सगळेच. ओटा पुसताना मागच्या दोन रांगांतून, जिथे बायका बसल्या होत्या, काही हसण्याचे आवाज आले, जरा लांबलेले. "हो"ला हॉल फुटला. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत हसत होत्या; त्यांचे यजमान पलीकडे बसून "काय झालं, काय म्हणाला तो?" विचारत होते, आणि त्या नुसताच हात हलवत होत्या. बाहेर पडताना एक तरुण जोडपं भाचीला भेटायला थांबलं. मुलीला विचारायचं होतं की ती जाते कुठे. मुलाला विचारायचं होतं की कपाचा शॉट कसा घेतला.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. आता दुसरी लिहितेय, यात नवरा भूत होतो आणि बायकोला ते पहिल्या मिनिटाला कळतं, पण घरात शांतता आहे म्हणून ती कुणाला सांगत नाही. फोन स्पीकरवर होता. "मावशी, काका मोकळे आहेत का मार्चमध्ये?"

हे टीव्हीवर मॅच बघत होते. म्हणाले, "या वेळी डायलॉग दे म्हणावं. मागच्या वेळी एकच होता, तोही माझा मीच घातला."